खवल्या डोंगर काढला त्याची गोष्ट

यदुअण्णा गुरसाळ्यांनी ओढ्याकाठच्या बाभळीचा फोटो काढला आणि बाभळ निघाली. निघाली म्हणजे अगदी निघालीच. होती तिथली जमीन सारवल्यासारखी सपाट, ना खड्डा ना मूळ. बाभळ कागदावर आली होती, काळीपांढरी, काट्यांसकट.

बोरमाळ गावात याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. फोटो काढायचा म्हटल्यावर कुठून तरी काढणारच की! फक्त बिरा हाके हा मेंढपाळ तेवढा जनावरांच्या दवाखान्यासमोर येऊन उभा राहिला. अण्णा तिथे मलमपट्टी करायच्या कामावर होते.

"अण्णा, बाभळ तुमी काढली न्हवं?"

"काढली."

"मग माज्या शेरडांनी खायचं काय? ठिवा की माघारी."

तो फोटो तसाही फसला होता. तेव्हा अण्णांनी तो नेला, बाभळीच्या जागेवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला. दिवस मावळताना बाभळ परत उभी होती, पण कागदावर होती तशीच: पाला राखाडी, शेंगा काळ्या. शेरडांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"आली, पर चव गेली," बिरा म्हणाला आणि शेरडं घेऊन गेला.

जे फोटो फसत नसत, ते मात्र कधीच परत येत नसत. जिल्ह्याच्या गावी हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. दर वर्षी ते कृष्णधवल निसर्गचित्रांची स्पर्धा भरवायचं, आणि त्याच्या नियमावलीत अकरावा नियम होता: प्रवेशिका परत मिळणार नाहीत. अण्णा बावीस वर्षं भाग घेत होते. त्यापायी बोरमाळातून तळ्याकाठची चिंचांची रांग गेली, दोन टेकाडं गेली, देवळामागचा खडक गेला. बदल्यात अण्णांच्या भिंतीवर बावीस प्रमाणपत्रं आली, आणि बावीसही उत्तेजनार्थ.

उत्तेजनार्थ म्हणजे काय, ते ज्याला मिळालंय त्यालाच विचारावं. पहिल्याला टाळ्या, दुसऱ्याला हार, आणि उत्तेजनार्थवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "प्रयत्न सोडू नका बरं का!" अण्णांची पाठ त्या थापांनी दुखायची. मरायच्या आधी एकदा तरी पहिला नंबर यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. गेल्या वर्षीच्या प्रमाणपत्रामागे परीक्षकांनी शेरा लिहिला होता: तांत्रिक बाजू उत्तम, पण चित्रात जीव नाही. वर्षभर अण्णा तेवढंच वाचत बसले होते.

यंदा गावात काढण्यासारखा एकच डोंगर उरला होता, खवल्या. त्या सकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची बायको इंदुमती भाकरी थापत होती.

"अगं, चित्रात जीव हवाय."

"म्हणजे काय हवंय?"

"तू खवल्याच्या पायथ्याशी उभी राहा."

तिने हाताचं पीठ परातीत झटकलं. "अहो, बावीस वर्षं मी चौकटीच्या आसपास आले की अंगावर धावून यायचात. एकदा नुसती सावली पडली, तर दोन दिवस अबोला धरलात! आणि आज मीच पाहिजे?"

"तूच पाहिजे."

बोलली ती फणकाऱ्याने, पण खरं सांगायचं तर सुखावली होती. आत जाऊन तिने ट्रंक उघडली. "हिरवं नेसू?"

"काहीही नेस. येणार राखाडीच."

ती हिरवंच नेसली. निघताना पायरीवर थांबली. "आणि परत कधी आणणार?"

"दिवस मावळला की कागद जागेवर ठेवतो. बाभळ आली की नाही?"

"तिची चव गेली म्हणे."

"शेरडांना काय कळतंय!"

यावर ती हसली. "बरं, दूध तापवून ठेवलंय. दार नीट लोटून घ्या, मांजर शिरतं."

पायथ्याशी उभं राहून तिने पदर सावरला. अण्णांनी तिला चार पावलं मागे घेतलं, दोन पावलं बाजूला घेतलं.

"हसू का?" तिने विचारलं.

"हसू नकोस. निसर्गचित्र आहे."

त्यांनी खटका दाबला. खवल्या निघाला, इंदुमती निघाली. माळ पार टोकापर्यंत मोकळा झाला आणि मधे अडायला काहीच नसल्यामुळे वारा सरळ अण्णांच्या तोंडावर आला.

घरी येऊन त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली आणि फोटो धुवायला घेतला. आधी डोंगर उमटला, मग पायवाट, मग इंदुमती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. एवढा सुंदर फोटो अण्णांच्या हातून आयुष्यात निघाला नव्हता. त्यांना हुंदका आला. बायकोच्या आठवणीने आला असता तर बरं झालं असतं. तो पहिल्या नंबरासाठी आला होता, हे त्यांना तेव्हाही कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग त्यांनी कागद वाळत घातला.

घोंगडी काढली तर बाहेर ऊन होतं. जेवण झालं तरी होतं, आडवं पडून उठले तरी होतं. बोरमाळात सूर्य पिढ्यान् पिढ्या खवल्यामागे मावळायचा आणि आता मागे जायला खवल्याच नव्हता. माळावर कासराभर उंचीवर येऊन तो थांबला होता, घर न सापडलेल्या पाहुण्यासारखा.

बिरा आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "अण्णा, सांज हुईना. मेंढरं वाघरीच्या जाळीत शिरनात, पोरं झोपंनात. खवल्या ठिवा माघारी."

"ठेवणार आहे. दिवस मावळला की ठेवतो. तसा शब्द दिलाय मी इंदुमतीला."

"अवो, डोंगुर न्हाई तर दिस मावळंल कुटं?"

"ते मी कसं सांगणार?"

बिराने दोरीवरच्या फोटोकडे बोट केलं. "वैनी तुमच्याकडं बगत्यात."

"माहीत आहे मला!" अण्णा खेकसले.

सूर्य थांबला होता, तारखा थांबल्या नव्हत्या. पोस्टाचे शिक्के कधी सूर्याला विचारून पडलेत? स्पर्धेची शेवटची तारीख आली तेव्हाही संध्याकाळ झालेली नव्हती. अण्णांनी स्वतःला बजावलं, की दिलेला शब्द आपण मोडलेला नाही. दिवस मावळलाच नाही, त्याला आपण काय करणार? त्यांनी फोटो पुठ्ठ्यात घातला, अर्जावर 'सर्व नियम मान्य आहेत' याखाली सही केली आणि पाकीट टाकून आले. घरी आले तर दार सताड उघडं होतं आणि दुधाचं पातेलं उपडं पडलं होतं.

निकालाला अण्णा एसटीने जिल्ह्याच्या गावी गेले. सभागृहाच्या खिडक्यांतून तेच तिरपं ऊन येत होतं. त्यांचा फोटो सगळ्यात शेवटी, साठवणीच्या खोलीच्या दाराशेजारी लावला होता. खाली चिठ्ठी होती: उत्तेजनार्थ. आणि शेरा: चित्रात जीव आहे, मात्र तो कोणाची तरी वाट पाहत असल्याने डोंगरावरचे लक्ष उडते.

अण्णांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी वर बघितलं. इंदुमती चार पावलं पुढे आली होती आणि डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिच्या मागे डोंगरावर ऊन तसंच होतं. चित्रातही संध्याकाळ झाली नव्हती.

ते तडक मंडळाच्या चिटणीसबाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, माझा फोटो परत पाहिजे."

"नियम अकरा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"बक्षीस नको मला. सगळी प्रमाणपत्रं आणून देतो. आत माझी बायको आहे हो!"

बाई उठून आल्या. चष्मा लावून त्यांनी फोटो बघितला. "छान आल्यात. पण गुरसाळे, बावीस वर्षं सही करताय तुम्ही. नियम वाचले होते ना?"

"वाचले होते."

"मग?"

मग काय! शेजारच्या बंद दाराआड कसला तरी आवाज येत होता. तो त्यांनी ओळखला. तळ्याकाठच्या चिंचा सळसळत होत्या.

"प्रदर्शन संपलं की हाही तिथेच जाईल," बाई म्हणाल्या. "जागा कोरडी आहे, काळजी नको."

एवढ्यात मंडळाचा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन आला. "गुरसाळे का? उभे राहा चित्राशेजारी. उत्तेजनार्थवाल्यांचाही एक काढायचा असतो."

अण्णा झटकन उभे राहिले. खांदा त्यांनी चौकटीला टेकवला, गाल काचेला लावला. "जवळून काढा. आम्ही दोघं एकाच कागदावर आलो पाहिजे."

"याल हो. जरा उजवीकडे सरका, बाईंना झाकताय."

"हसू का?" अण्णांनी विचारलं.

"तुमची मर्जी."

अण्णा उजवीकडे सरकले. काचेच्या आत इंदुमतीने डोळ्यांवरचा हात खाली घेतला, पदर सावरला आणि तीही सरकली, डावीकडे, पार चौकटीच्या दुसऱ्या कडेपर्यंत.