सूपवालीचं दाट तेल

महाराष्ट्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी पाझर तलावाचं काम चालू होतं. त्या कामावर दीडशे टोपल्या, चाळीस कुदळी आणि एक सूपवाली होती. सूपवाली म्हणजे कुणी बाई नव्हे. एका जुन्या ट्रॅक्टरच्या तोंडापुढे भलंमोठं लोखंडी सूप बसवलेलं होतं. ते माती भरून घ्यायचं, वर उचलायचं आणि बांधावर ओतायचं. “हायड्रॉलिक आहे, तेलाच्या दाबावर उचलते,” असं ठेकेदार उत्तमराव येईल-जाईल त्याला छाती फुगवून सांगत. कामावरच्या बायांच्या जिभेवर तो शब्द काही बसेना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं.

तिचा ड्रायव्हर इंद्रभान. वय सव्वीस, चौथी पास, आणि सोनाळ्याच्या बौद्धवाड्यातून मशीनच्या सीटवर जाऊन बसलेला पहिलाच माणूस. त्याची आई सिंधूताई याच कामावर टोपली वाहायची. पोरगा उंच सीटवरून जाताना दिसला की डोक्यावरची टोपली सावरत ती मान वळवून पाहायची. मुकादम ओरडायचा, पण तिनं त्याचं कधी मनावर घेतलं नाही. ही सीट गेली तर पोराच्या हातात पुन्हा टोपलीच येणार, हे तिला ठाऊक होतं आणि इंद्रभानला तर झोपेतही ठाऊक होतं.

पौष लागला आणि सातपुड्यावरून गार वारं उतरायला लागलं. त्याबरोबर सूपवालीनं अंग काढून घेतलं. सकाळी सातला इंजिन सुरू व्हायचं, पण सूप काही उचलायचं नाही. पंप नुसता किंचाळायचा. सूप हातभर वर यायचं, थरथरायचं आणि तिथंच थांबायचं. दहा वाजता ते अर्धं उचलायचं. बारा वाजले की शहाण्या बैलासारखं मुकाट कामाला लागायचं. सकाळचे चार-पाच तास मात्र दीडशे माणसं काम करायची आणि मशीन उभं असायचं.

इंद्रभाननं सगळं करून पाहिलं. संध्याकाळी मशीनवर गोणपाटं टाकली. त्यानं भागेना म्हणून घरची गोधडी आणून तेलाच्या टाकीभोवती गुंडाळली.

“अवो, गोधडी कुठी गेली?” बायको भिमाबाईनं विचारलं.

“मशीनले थंडी वाजून राह्यली.”

“अन् मले काय उकडून राह्यलं काय?” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी घरात उरलेली दुसरी गोधडीही तिनंच काढून दिली. चार दिवस नवराबायको एका घोंगडीत कुडकुडले आणि सूपवाली दोन गोधड्या पांघरून झोपली. तिनं मात्र गुण म्हणून दाखवला नाही.

खामगावहून शंकरराव मिस्त्रीला बोलावलं. पंधरवड्यात तो दोनदा आला. पण त्याची एसटी सोनाळ्याला पोचायची बाराला आणि परतीची निघायची चारला. तो येऊन सूप हलवून बघायचा, तर सूप कसं, सरकन वर आणि सरकन खाली. दुसऱ्या खेपेला तो वैतागला.

“बिघाड हिच्यात नाई बे, तुया डोक्यात हाय,” तो म्हणाला आणि पान्यांची पिशवी उचलून चालता झाला.

झालं, उत्तमरावांना तेवढंच पाहिजे होतं. “नाचता येईना अंगण वाकडं,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मशीन बराबर हाय. यालेच सकायी शेकोटी सोडवत नाई.” मग आवाज खाली आणून त्यांनी खरं काय ते सांगितलं. “सोमवारी सकायी आठले बुलडाण्याचे साहेब काम पाहाले येऊन राह्यले. त्या वक्ती सूप उचललं पायजे. नाई उचललं तं चावी जानरावच्या हाती.”

जानराव म्हणजे उत्तमरावांचा चिखलीचा मेहुणा. तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला कधीचा तयार होता.

रविवारी पहाटेच्या गाडीनं इंद्रभान खामगावला गेला. मिस्त्रीचं दुकान बंद होतं म्हणून पत्ता विचारत घर गाठलं. मिस्त्री ओट्यावर ऊन खात बसला होता. इंद्रभाननं एकच गोष्ट सांगितली. मशीन रोज सकाळी बिघडतं, दुपारी सुधारतं, आणि मिस्त्री दर खेपेला दुपारीच येतो.

मिस्त्रीनं विडी विझवली. हे आपल्या आधीच का ध्यानात आलं नाही, असा राग त्याच्या तोंडावर दिसला. रागावला होता तो स्वतःवरच. “म्हंजे ताप येते पाहाटे अन् पेशंट दाखोतं दुपारी. नाडी कवा पाहू मी?”

“म्हनूनच आलो. आज मुक्कामाले चाला, मिस्त्री.” इंद्रभान अडखळला. “फक्त जेवनाचं... म्हंजे आमच्या घरी...”

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं. अडखळण्याचं कारण त्याला कळलं होतं. “भाकर तं असन ना घरी? का तेबी इथूनच बांधून घेऊ?”

संध्याकाळी सिंधूताईनं ज्वारीच्या गरम भाकरी टाकल्या आणि तुरीचं वरण केलं. वरण असं दाट, की वाटी कलती केली तरी सांडू नये. मिस्त्री भाकरी मोडता मोडता म्हणाला, “मायबाई, लय दाट केलं. डायीची खैरात काऊन?”

“पाव्हण्याले पातय वाढलं तं घराची अब्रू जाते,” सिंधूताई म्हणाली. “पातय काय, आमी जनमभर पेलंच.”

ती सहज बोलून गेली. इंद्रभानचा घास मात्र तोंडातच राहिला. दाट आणि पातळ हे दोन शब्द त्याच्या मनात अडकून बसले. का, ते त्याचं त्यालाही अजून नीट कळलं नव्हतं.

सोमवारी झुंजुमुंजू होताना दोघं कामावर पोचले. थंडी अशी, की पाना हातात धरवत नव्हता. उत्तमरावही कानाला मफलर बांधून आले. मागोमाग स्टोअर सांभाळणारा भाऊराव आला. तेलाचे डबे, दोर, फावडी त्याच्या ताब्यात असत. टोपलीवाल्या बायाही जमल्या. काम सुरू व्हायला वेळ होता, आणि तमाशा बघायला कुणाला नको असतं?

इंद्रभाननं मशीन सुरू केलं, दांडा ओढला. पंप किंचाळला. सूप हातभर उचललं आणि थांबलं.

“शाबास!” मिस्त्री एकदम खुशीत आला. आजारी माणूस सापडला की वैद्याला होतो तसाच आनंद होता तो. त्यानं पेचकसाचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. मग टाकीतून पंपाकडे जाणारी रबरी नळी चाचपली. नळी ओढीनं आत दबली होती.

“पंप बिचारा उपाशी हाय,” तो म्हणाला. “ओढते जोरात, पण तेलच येत नाई त्याच्या तोंडात. बंद कर, इंद्रभान.”

मशीन बंद झालं. मिस्त्रीनं टाकीतली मोजकाठी बाहेर काढून उजेडात धरली. तेल काठीवरून ओघळायला पाहिजे होतं. ते काकवीसारखं लोंबलं आणि लोंबतच राहिलं.

“हे तेल कोनतं टाकलं बे?”

मिस्त्रीच सांगू लागला. “याले वीस नंबरचं पातय तेल लागते. हे तं गिअरचं, एकशे चाळीस. उन्हात पातय होते म्हनून दुपारी चालते. थंडीत गोठते अन् नयीत अडकते. पंप ठीक, मशीन ठीक. तेल चुकलं.”

उत्तमराव गर्रकन वळले ते भाऊरावावर. “तुयाच्यानंच झालं हे! स्टोअर कोनाच्या ताब्यात? वाचता येत नाई तुले?”

भाऊराव म्हातारा माणूस. आपणच चुकीचा डबा दिला की काय, असं त्याला स्वतःलाच वाटायला लागलं.

आणि ते दोन शब्द रात्री मनात का अडकले होते, हे इंद्रभानला लख्ख कळलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी टाकी निम्मी झालेली होती. भाऊरावानं दोन डबे समोर ठेवले होते. एकावर वीस, दुसऱ्यावर एकशे चाळीस. तेव्हा थंडी नव्हती, त्यामुळे मशीन कुरकुरलं नाही, आणि पुढे त्या तेलाची कुणाला आठवणही राहिली नाही. आताही तो गप्प बसला असता तर बोल भाऊरावाला लागला असता, तेल बदललं गेलं असतं, साहेबांसमोर सूप उचललं असतं आणि सीट त्याचीच राहिली असती. इतकं सोपं होतं सगळं. म्हणूनच त्याला भीती वाटली.

“भाऊराव काकाची चूक नाई, मालक,” तो सीटवरून खाली उतरला. “त्यायनं दोनी डबे समोर ठुले होते. एकशे चाळीसवाला म्याच उचलला.”

“काऊन?”

“वीस कुठी अन् एकशे चाळीस कुठी! मले वाटलं, मोठा नंबर म्हंजे भारी माल. झाकन उघडून पाह्यलं तं दाट होतं. दाट तेलात ताकद जास्त असन, असं वाटलं.” तो थांबला. बाकीचं सांगायची गरज नव्हती. पण एकदा बांध फुटला की पाणी अर्ध्यावर थांबत नाही. “आमच्या वाट्याले सारं पातयच आलं, मालक. ताक पातय, वरण पातय. म्हटलं, हिच्या वाट्याले तरी दाट येऊ दे.”

दोन-तीन बाया खुदकन हसल्या. उत्तमरावही हसले, पण ते हसू दुसऱ्या जातीचं होतं. त्यांनी हात पुढे केला. “आन चावी. दाट ताक पाजते मशीनले! पातय कोनाच्या घरचं पेला रे एवढं?”

इंद्रभाननं चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि खाली बघितलं.

सिंधूताईनं काखेतली टोपली जमिनीवर ठेवली.

“तुमच्याच घरचं, मालक,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “खयाच्या दिवसात ताक देत होती तुमची बुढी माय. बाकीच्या गड्यायले दाट, आमाले पानी घालून. थंड राहे पन. आमी पेलो.”

उत्तमरावांची मूठ चावीवर मिटली. ते बांधाच्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मिस्त्रीनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. “पाहात काय बसले? साहेब येऊन राह्यले!” त्यानं टाकीचं खालचं बूच उघडलं. थंडीनं तेल उतरता उतरेना, तेव्हा एका पोक्त बाईनं शेकोटीतले निखारे घमेल्यात आणले. मिस्त्री तिच्यावर खेकसला, “बाई, मशीनचं सरन रचते काय? तेलाजवय इस्तू नाई!” शेवटी भाऊरावानं पाणी तापवलं. उकळत्या पाण्यात चिंध्या भिजवून त्यानं त्या टाकीच्या अंगाला बाहेरून लावल्या. म्हाताऱ्याचे हात भाजत होते, तरी तो दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. हळूहळू धार लागली. इंद्रभाननं गाळणी काढून घासली, आणि वीस नंबरचे डबे टाकीत रिकामे झाले. ते तेल पाण्यासारखं वाहत गेलं. इंद्रभानला ते बघून अजूनही थोडं वाईटच वाटलं.

आठ वाजून गेले होते. साहेब लोक वेळेवर येत नाहीत, याचा देशाला झालेला फायदा त्या दिवशी पहिल्यांदाच दिसला. लांब रस्त्यावर जीपची धूळ उठली.

“चावी!” मिस्त्री ओरडला.

उत्तमराव बांधावरून चालत आले. मिस्त्रीनं हात पुढे केला होता. त्या हाताजवळून ते तसेच पुढे गेले आणि इंद्रभानसमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, हे दिसत होतं. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या तोंडाला दुसरं बोलणं पटकन सापडत नाही. त्यांनी चावी त्याच्या तेलकट पंजात ठेवली.

“सांभायून,” एवढंच म्हणाले.

इंद्रभाननं इंजिन सुरू केलं आणि मिस्त्रीनं बजावल्याप्रमाणे दहा मिनिटं नुसतं हळू चालू दिलं. मग दांडा जरासा ओढला. सूप थोडं वर, थोडं खाली, पुन्हा वर. आत अडकलेली हवा गुरगुरत निघाली. पंप किंचाळला नाही. इंद्रभाननं सूप मातीत घालून भरून घेतलं. साहेबांची जीप बांधाशी येऊन थांबली आणि सूपवालीनं भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत, भरलेलं सूप एका दमात डोक्याच्या वर उचललं. बायांनी एकच गलका केला. सिंधूताई तेवढी ओरडली नाही. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि कुणी बघतंय का याची तिला फिकीर नव्हती.

इंद्रभाननं दांडा ढकलला आणि सूप बांधावर रिकामं केलं.

साहेब काम बघून, मान डोलावून गेले. मिस्त्रीनं कोळशानं टाकीवर मोठे आकडे काढले, वीस, आणि त्याखाली लिहिलं, पातळ. “हे उद्या रंगानं लिवजो,” त्यानं इंद्रभानला सांगितलं. “अन् गोधड्या घरी ने बे. बायको मशीनपेक्षा लवकर बिघडते.”

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बाभळीखाली सिंधूताईनं कालच्या वरणाचं गाडगं उघडलं. मिस्त्री, भाऊराव, इंद्रभान भाकरी हातावर घेऊन बसले. उत्तमरावांचा पितळी डबा रोज त्यांच्या स्वतःच्या जीपमधून यायचा आणि ते तिथंच बसून जेवायचे. आज ते डबा हातात घेऊन बाभळीकडे आले. सगळे उठायला लागले, तर त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं आणि मिस्त्रीच्या शेजारी मातीत मांडी घातली. डबा उघडला. डब्याचं रिकामं झाकण हातात घेतलं. मग त्यांनी ते सिंधूताईपुढे केलं.

“थोडंसं वरन वाढता काय, सिंधूबाई?” ते म्हणाले. “मले पातय चालन.”

सिंधूताईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग पळी गाडग्याच्या तळापर्यंत घातली, खालून नीट ढवळलं आणि त्यांच्या झाकणात दाट वाढलं.