गुलाबी नाकाची साक्ष

मी एक जुना सिंह आहे, असं माझ्या मानेखालच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे. 'वृद्ध नर. एका गोळीत.' एवढेच शब्द. मित्रांनो, त्या पाटीवर दोनच गोष्टी आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी आयाळ पाहून तुम्ही फसणार नाही.

आता मी पुरता सिंहही राहिलेलो नाही. डोकं, मान आणि खांद्यापर्यंतचं कातडं, एवढाच मी. आत फोम भरलेला आहे, डोळे काचेचे आहेत, जीभ कसली आहे ते मलाही माहीत नाही. आठवणी मात्र माझ्याच आहेत.

आफ्रिकेतल्या एका कोरड्या नदीच्या काठी माझा जन्म झाला. आई मला तोंडात धरून या झुडपातून त्या झुडपात हलवायची. एका जागी वास मुरला की तरस येतात, म्हणून तिची सारखी हलवाहलवी चाले. ती निवांत झोपलेली मी कधी पाहिली नाही. डोळे मिटले तरी एक कान उभाच. मोठा झालो तसं कळपातल्या नरांनी मला हुसकून लावलं. पुढे वर्षभर उपाशीतापाशी भटकलो. चौथ्या वर्षी मला माझा कळप मिळाला आणि मग पिल्लं झाली, तीन. त्यातलं एक माझ्या शेपटीचा गोंडा पकडायला दबा धरून बसायचं आणि दर वेळी त्याची उडी चुकायची.

ते सुख चारच महिने टिकलं.

बापूंची ओळख करून देतो. बापू मूळचे कोल्हापूरचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुवेतला आले आणि अहमदीला तेलाच्या कामांवर लोखंडी परांच्या बांधून देण्याचा धंदा त्यांनी उभा केला. माणूस वाईट नव्हता. परांचीवर कामगार चढण्याआधी तिला हिरवं कार्ड लावतात, म्हणजे आता चढायला हरकत नाही. सुपरवायझरने कितीही छातीठोक सांगितलं तरी बापू स्वतः वर चढत, एकेक क्लॅम्प हाताने हलवून पाहत आणि मगच त्या कार्डावर सही करत. साठीला आले तेव्हा त्यांना शिकारीची हौस सुटली. रीतसर परवाना काढून ते आमच्या रानात आले.

त्या रानाचा नियम होता, की सहा वर्षांच्या आतला नर मारायचा नाही आणि ज्याच्या कळपात लहान पिल्लं आहेत त्यालाही हात लावायचा नाही. बापूंनी वाटाड्याला विचारलं, "म्हातारा आहे ना?" वाटाड्या म्हणाला, "आहे." दुर्बीण बापूंच्या गळ्यातच होती. ती त्यांनी डोळ्यांना लावली नाही. ऊन उतरत आलं होतं आणि त्यांना घाई झाली होती.

गोळी माझ्या पोटात लागली. मी काटेरी झुडपात घुसलो. जखमी सिंहामागे अंधारात शिरणं धोक्याचं, असं वाटाड्या म्हणाला आणि ते खरंच होतं. म्हणून ते तंबूवर परतले. सकाळी त्यांनी मला शोधलं तेव्हा मी जिवंत होतो. दुसरी गोळी वाटाड्याने घातली. बापूंनी त्या वेळी तोंड फिरवलं होतं. फोटो काढताना मात्र माझ्या बाजूला बसून हसले.

माझं कातडं कागद-शिक्क्यांसह कुवेतमधल्या फहाहीलच्या एका गल्लीत पोहोचलं. तिथे महबूबचं दुकान आहे. महबूब दापोलीकडचा. मेलेल्या प्राण्यांची कातडी भरून त्यांना जिवंतासारखं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लोकांचे लाडके ससाणे तो असे बसवतो, की आता उडतील वाटावं. त्याने माझं कातडं पसरलं, दोन भोकं पाहिली, माझे न झिजलेले दात पाहिले आणि मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढून ठेवले. ही त्याची नेहमीची पद्धत. मग त्याने माझं नाक होतं तसंच रंगवलं. गुलाबी, वर थोडे काळे ठिपके.

बापू बघायला आले. "हे काय नाक? काळं कर. म्हातारा आहे तो."

"साहेब, होतं तसं दिलंय."

"मी सांगतो ना!"

महबूबने मान खाली घातली. गुलाबी रंगावर आधी वार्निशचा जाड हात मारला आणि मग काळा रंग दिला. तो वार्निशचा हात कशासाठी, हे बापूंनी विचारलं नाही.

अबू हलीफाला समुद्रासमोरच्या बापूंच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्याच्या भिंतीवर मी आलो. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणता! दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी माझ्या जबड्यात हात घालून फोटो काढायची. कोणी म्हणायचं, "बापू, आज वहिनी हयात असत्या तर हे भिंतीवर लावायची तुमची छाती झाली असती का हो?" बापू हसून माझ्या आयाळीवरून हात फिरवत आणि सांगत, "एका गोळीत!" गणपतीत मात्र देवासमोर कातडं नको म्हणून बापूंची सून मैथिली दीड दिवस मला जुन्या चादरीने झाकून ठेवायची. हळूहळू माझी नवलाई ओसरली. आयाळीत धूळ साचू लागली. मला राग नव्हता. मी वाट पाहत होतो. कशाची, ते मला यंदा कळलं.

यंदा बापूंनी पुन्हा आफ्रिकेला जायचं ठरवलं. या वेळी शिकार त्यांच्या मुलाच्या, नीलेशच्या हातून व्हायची होती. नीलेश बँकेत नोकरी करतो, झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतो. पण वडिलांना नाही कसं म्हणणार? त्याच वाटाड्याने एका सिंहाचा फोटो पाठवला होता. 'मोठा म्हातारा नर. तुमच्या मुलासाठी राखून ठेवला आहे.' माझ्यासमोरच्या भिंतीवर जागाही मोकळी करून झाली. तो फोटोतला सिंह माझा कोणी लागत नव्हता. तरी त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात धुळीचं मोठं वादळ झालं. आत एसी, बाहेर तापलेली धूळ. माझा ओठ उकलला. शुक्रवारी निरोपाला पाहुणे येणार होते, म्हणून बापूंनी महबूबला बोलावलं आणि स्वतः नीलेशला बूट घ्यायला बाजारात घेऊन गेले.

महबूब स्टुलावर चढला. मैथिली चहा घेऊन उभी होती. सहा वर्षांची अंतरा पुढे पुढे येत होती.

"अंतरा, मागे हो. थिनर आहे ते, डोकं दुखेल."

"बट मम्मा, आय वॉन्ट टू सी!"

"तिथूनच दिसतं. भिंतीला पाठ लाव बघू."

महबूबने ओठ चिकटवला. जास्तीचा गोंद नाकावर ओघळला होता, तो पुसायला त्याने थिनरचा बोळा फिरवला. चुकून फिरवला की मुद्दाम, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही. काळा रंग बोळ्यावर आला, वार्निशखालचा गुलाबी तसाच राहिला.

"मम्मा! ह्याचं नाक आतून पिंक आहे!"

मैथिलीने कप खाली ठेवला. "महबूबभाई, हे काय?"

"वहिनी, सिंहाचं नाक लहानपणी गुलाबी असतं. वय वाढतं तसे काळे ठिपके वाढत जातात. हा चार वर्षांचा. फार तर पाच."

"आणि पाटी?"

"पाटी मी नाही केली."

"आणि नाकाचा काळा रंग?"

महबूबने बोळ्यावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो मी केला. साहेबांनी सांगितलं, म्हणून केला."

"एका गोळीत, ते तरी खरं का?"

त्याने दोन बोटं वर केली.

तेवढ्यात दार उघडलं. बापू आत आले, मागे बुटांचं खोकं घेऊन नीलेश.

"काय रे महबूब? ओठ चिकटवायला सांगितला होता, नाक सोलायला कोणी सांगितलं?"

"मी विचारतेय त्यांना," मैथिली म्हणाली. "बापू, हा चार वर्षांचा होता?"

बापू चिडले. म्हणाले, परवाना होता, शिक्के आहेत. शिकारीतून जो पैसा मिळतो त्यातून रान राखलं जातं, तिथल्या गावांना मदत होते, नाहीतर तिथे केव्हाच शेतं झाली असती आणि एकही सिंह उरला नसता. मित्रांनो, हे बोलणं अगदीच खोटं नाही. कुठे कुठे तसं घडतंही. म्हणूनच तर नियम केलेले असतात. पण नियम पाळायचा कोणी? कागदाने?

मैथिली हटली नाही. "सुपरवायझर ठीक आहे म्हणाला, तर तुम्ही हिरव्या कार्डावर सही करता का?"

"कधीच नाही."

"मग वाटाड्या म्हातारा आहे म्हणाला, तर गोळी कशी झाडलीत?"

"तिथे परांचीवर माणसाचा जीव असतो, मैथिली."

"आणि इथे?"

बापू सोफ्यावर बसले. अंतरा त्यांच्याजवळ गेली आणि रोजच्यासारखा त्यांचा मोबाइल घेऊन नवा सिंह बघू लागली. दोन बोटांनी तिने फोटो मोठा केला.

"आजोबा, हा पण पिंक आहे."

नीलेश वाकला. बराच वेळ त्याने पाहिलं. "बापू, हा तर पोरगाच आहे हो."

बापूंनी चष्मा लावला. त्यांनी मोबाइल एकदा जवळ धरला, एकदा लांब धरला. मग प्रथमच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"कॅन्सल करू," नीलेश घाईने म्हणाला. "विषय संपला."

"नाही संपत. आपण नाही गेलो तर याच फोटोवर दुसरा कोणी जाईल." बापू उठले. "लॅपटॉप आण. तिथल्या वन्यजीव कार्यालयाला लिहायचं. हा फोटो, वाटाड्याचा मेसेज आणि मी काय केलं ते, सगळं."

आता मैथिलीच घाबरली. "बापू, तुमचं नाव येईल. उद्या इथल्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर काही आलं तर? पोरीची शाळा आहे."

"येईल की नाही ते मला माहीत नाही. पण बिननावाचं पत्र कोण वाचतो?"

मैथिलीने अंतराला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "लिहा. इंग्रजी मी बघते."

"माझ्याकडे कातड्याचे फोटो आहेत," महबूब स्टुलावरूनच म्हणाला. "माझंही नाव घाला, साहेब. रंग माझ्या हाताचा आहे."

पत्र सोपं गेलं नाही. 'जखमी झाला आणि सकाळी सापडला' या वाक्यापाशी बापू अडले.

"आजोबा, तो तेव्हा अलाइव्ह होता?"

"हो, बाळ."

"ऑल नाइट?"

"हो."

"आणि त्याची बेबीज?"

बापूंनी खोटं सांगितलं नाही. "मी विचारलंच नाही गं. त्यांचा बाप गेला की दुसरे नर येतात. ते पिल्लं ठेवत नाहीत." एवढं बोलून त्यांनी ते वाक्यही पत्रात घातलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. वाटाड्याचं काम चौकशी होईपर्यंत थांबवलं होतं. फोटोतल्या सिंहाची नोंद घेतली होती, त्याच्यावर बंदूक चालणार नव्हती. बापूंना त्या रानात पुन्हा कधी शिकार करता येणार नव्हती, आणि दंडाचा निर्णय अजून व्हायचा होता. शेवटची ओळ माझ्याबद्दल होती. पुरावा म्हणून मला परत पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

म्हणून मित्रांनो, हे सगळं मी तुम्हाला महबूबच्या दुकानातल्या लाकडी पेटीतून सांगतो आहे. आयाळीला मऊ कागद गुंडाळला आहे. सगळे कागद जमायला दोन महिने गेले. बापू चार वेळा येऊन गेले. काल ते इथे असताना पाहुण्यांपैकी एकाने त्यांना फोनवर विचारलं, "बापू, परवा तुमच्याकडे भिंत मोकळी दिसली हो?" बापूंनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडच्याने विषय बदलला तरी थांबले नाहीत.

प्राणी मारावा की मारू नये, यावर मोठी माणसं अजून पुष्कळ भांडतील. मला विचाराल तर, ज्याचा गोंडा पकडायला कोणी दबा धरून बसलं आहे, त्याला मारू नये. पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. ज्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो असं काहीही तुमच्या हातात आलं, मग ती बंदूक असो की गाडीचं चाक, तर 'त्याने सांगितलं म्हणून' असं उत्तर देऊ नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दिसत नसेल तर हात खाली घ्या. आणि चूक झालीच, तर तिच्यावर रंग फासू नका. ती स्वतःच्या नावाने लिहून द्या. उशीर झाला असेल तरी द्या. माझ्यासाठी उशीर झाला होता, पण त्या अनोळखी सिंहासाठी झाला नाही.

पहाटे पेटी उचलतील. बोलणं मला जमणार नाही, पण तिथल्या कार्यालयात टेबलावर ठेवून मला पाहतील तेव्हा पुरेसं दिसेल. तुम्ही तिथे नसाल, तरी माझ्या वतीने एक निरोप जो भेटेल त्याला द्या. नदीकाठी एक तरुण सिंह आहे. त्याला म्हातारं होऊ द्या.