पांचूदांच्या सपाट आवाजात

चितपूरच्या साऱ्या जात्रा कंपन्यांत, म्हणजे आमच्याकडच्या फिरत्या नाटकमंडळ्यांत, माझ्याइतक्या शिव्या कुणी खाल्ल्या नसतील. मी शेफाली हाजरा, ‘चारुलतिका ऑपेरा’ची दुष्ट वहिनी. कधी सावत्र आई, कधी जमीनदाराची कारस्थानी बहीण, पण मुळात वहिनीच. बर्दवानकडच्या एका गावात प्रयोग संपल्यावर एक म्हातारी चप्पल घेऊन माझ्या मागे लागली होती. मी तिला मिठी मारून तिचा मुका घेतला, इतका मला आनंद झाला होता.

तर अशा बाईने यंदा नाटक लिहिलं. आमचे जुने लेखक भवतोष मास्टरमोशाय डोळ्यांनी अधू झाले आणि मालक गजेनबाबू नवा लेखक शोधायला लागले. मी म्हटलं, दुसऱ्याने लिहिलेल्या शिव्या जन्मभर दिल्या, आता आपल्या आपण लिहू. भात करपला, नवरा करवादला, मी आपली लिहितेय. रथयात्रेच्या दिवशी आमच्याकडे सगळ्या कंपन्या नवी नाटकं जाहीर करतात, गावोगावची मंडळी प्रयोगांची सुपारी द्यायला येतात. त्या दिवशी आमच्या दारावरच्या फलकावर लेखिका म्हणून माझं नाव हवं होतं. इतकं हवं होतं की आरशासमोर मी लेखिकेसारखी भुवई उंचावून बघायचे. लेखिका भुवई कशी उंचावते देव जाणे, पण मी उंचावायचे.

नाटक लेखकानेच साऱ्या कंपनीसमोर वाचायचं, ही आमची रीत. सतरंजीवर सगळे जमले. मी वाचलं म्हणजे काय, पेटलेच. म्हातारा बाप मी, पोरकं पोर मी, वहिनी तर मीच मी. आमचा नायक सुबल, जो स्वतःखेरीज कुणासाठी रडत नाही, तो डोळे पुसत होता. बाजावाल्याने न सांगता सूर धरला. शेवटचं पान संपलं तेव्हा टाळ्यांनी खोली दणाणली. गजेनबाबूंनी मिठाईच्या दुकानातून संदेश मागवले आणि फलक रंगवणाऱ्याला निरोपही धाडला. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

कोपऱ्यातून मास्टरमोशाय म्हणाले, “छान. आता हेच पांचूला वाचू दे.”

पांचूदा आमचे प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरने वाक्याला रंग लावला की नट त्याच्यामागे वाहवत जातो, म्हणून त्याने सगळं एकाच पट्टीत सांगायचं असतं. पांचूदांची तर ती पट्टी हाडात मुरलेली. राजा मरो, मंडप कोसळो, ते विजेचं बिल वाचावं तसं वाचत राहतात, थांबत म्हणून नाहीत.

त्यांनी चष्मा लावला आणि सुरू केलं. “हाय रे माझ्या सोन्या. तुझ्यावाचून हे घर मसणवटा झालं.” कुणीतरी खोकलं. “आभाळा, तू फाटत का नाहीस.” सुबल खिडकीबाहेर बघायला लागला. तिसऱ्या प्रवेशात मागे कुणी तरी फिसकन हसलं. मी मनातल्या मनात पांचूदांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण ते बिचारे लिहिलंय तेच वाचत होते. रडवलं होतं ते माझ्या गळ्याने, कागदावर नुसता आरडाओरडा होता. कानशिलं तापली माझी.

आणि मग चौथा प्रवेश आला. वहिनीने धाकट्या दिराला घराबाहेर काढलंय, ती एकटी जेवायला बसते. पांचूदा त्याच सपाट आवाजात म्हणाले, “ताट एक जास्तच वाढलं मी. राहू दे. मांजर खाईल.”

सुबल खिडकीपासून वळला. पांचूदा पुढचं वाचत होते, पण ते कुणी ऐकत नव्हतं.

मला तर वेडच लागायचं बाकी राहिलं. एवढ्या ढिगात एकच वाक्य, पण होतं ना? माझ्या गळ्याची मदत न घेता ते आपल्या पायांवर उभं राहिलं होतं. माझं! मी ते भाजी चिरता चिरता लिहिलं होतं आणि खोडणार होते.

गजेनबाबू व्यवहारी माणूस. ते म्हणाले की प्रेक्षकांना कुठे पांचूला ऐकायचंय, तू बोलशील तेव्हा लोक रडणारच, फलक रंगू दे. आणि खरंच होतं ते. लोक रडलेच असते. हो म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.

“यंदा नको, गजेनबाबू,” मी म्हणाले. “मला लिहायला शिकायचंय. नीट. पांचूदांच्या तोंडी जगेल असं.”

“आणि ते कधी जमणार?”

उत्तर मास्टरमोशायांनी दिलं. “मला जमलं की कळवतो.”

मी इतकी हसले की संदेश नाकात गेला.

रथयात्रेला फलकावर दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं. खाली, नेहमीच्या जागी, दुष्ट वहिनी म्हणून माझं. झोंबलं, खोटं कशाला बोलू. मग दोन जिलब्या खाल्ल्या आणि घरी येऊन नवा कागद घेतला. आता रोज दुपारी पांचूदा माझी पानं वाचतात. त्याबद्दल त्यांना कुरमुरे आणि वांग्याची भजी. खात खात, त्या मेल्या सपाट आवाजात वाचतात आणि जे मरतं ते मी तिथल्या तिथे खोडते. बहुतेक मरतंच. माझ्याइतकी सुखी बाई साऱ्या चितपुरात नसेल.

काल वाचता वाचता ते थांबले. पांचूदा आणि थांबले! कुरमुऱ्यांची मूठ तोंडाशी तशीच राहिली.

मी विचारलं, “अक्षर लागत नाही का?”

“लागतंय की,” ते म्हणाले. “पण पुढे कागदच नाही. वहिनीने दिराला दार उघडलं का गं?”

मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यांच्या हातातली पानं हिसकावली आणि तिथेच, तेलकट बोटांनी, लिहायला बसले.