डुकराचा रुपया

लच्छू एटापल्लीहून परतून आठवडा होत आला, तरी त्याचा फोन नव्हता. गुणवंतरावांना चैन पडेना. चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरातल्या आपल्या घरी ते अंगणात येत, पुन्हा आत जात, फोन उचलून पाहत आणि ठेवून देत. औष्णिक वीज केंद्रातली नोकरी संपल्यापासून त्यांचा वेळ नाण्यांतच जायचा. पण त्या आठवड्यात त्यांनी आपला डबाही उघडला नाही.

नागभीडच्या शाळेत एका बाकावर बसत, तेव्हापासून दोघांना जुन्या नाण्यांचा नाद. त्यातही पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये म्हणजे जीव की प्राण. मुंबई आणि कलकत्ता, दोन्ही टांकसाळींचे मिळून दोघांकडेही वीस-वीस जमले होते. अडलं होतं ते एकोणीसशे अकरा सालापाशी. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या माळेत हत्ती कोरलेला आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्करच वाटलं. मोठी ओरड झाली आणि सरकारनं बहुतेक रुपये वितळवून टाकले. पुढच्या सालापासून हत्तीला नीट सोंड आली. हा डुकराचा रुपया आधी कोणाला मिळतो, यावर दोघांची उभी हयात चढाओढ चालली होती. तो एटापल्लीच्या बाजारात लच्छूला मिळाला, हे गुणवंतरावांना कळलं तेही तिसऱ्याच माणसाकडून.

"तुमच्यानं बसवत नाई तं जाऊन पाहून या," बायको रुखमाबाई शेवटी म्हणाल्या. ते दुसऱ्या सकाळीच चांदा फोर्ट स्टेशनवरून नागभीडच्या गाडीत बसले. वाटेत धानाच्या बांध्या मागे पडत होत्या, पण त्यांचं बाहेर लक्ष नव्हतं. लच्छूनं आपल्यापासून लपवलं, याचा राग यावा की त्याला मिळाल्याचा हेवा वाटावा, हेच त्यांना उमगत नव्हतं.

लच्छू आपल्या शिलाईच्या दुकानात होता. त्यानं जयभीम घातला, सून दामिनीला चहा ठेवायला सांगितलं आणि मखमलीच्या तुकड्यातून रुपया काढून पुढे केला. मी स्वतःच घेऊन येणार होतो, असं तो सांगू लागला.

गुणवंतरावांनी खिशातलं भिंग लावलं. साल एकोणीसशे अकराच होतं. मग त्यांनी भिंग माळेवर नेलं. हत्ती हत्तीसारखाच होता. सोंड लांब, चांगली खाली आलेली. त्यांनी पुन्हा साल पाहिलं. शेवटच्या एकाशेजारी चांदी बारीक खरवडलेली होती. कोणीतरी साताचा एक केला होता.

"खरा हाय ना?" लच्छूनं विचारलं.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून गुणवंतरावांचा धीर झाला नाही. "झकास हाय," ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

स्टेशनवर गाडी समोर उभी राहिली, पण त्यांना चढवेना. आपण खरं बोललो नाही ते दयेपोटी, की तो फसला याचं आतून बरं वाटलं म्हणून? ते स्टेशनचा जिना उतरले आणि भर उन्हात चालत दुकानात परत आले.

"लच्छू, हत्ती पाह्य," त्यांनी भिंग त्याच्यापुढे ठेवलं. "हा सतराचा रुपया हाय. साल खरवडलं हाय."

लच्छूनं भिंगाला हात लावला नाही. त्याचा चेहरा तांबडा झाला. "तुले पाहवलं नाई म्हन," तो हळूच बोलला. "जाय आता." दामिनी दारात येऊन थबकली. गुणवंतराव भिंग खिशात घालून निघाले.

त्यानंतर घरी त्यांचं जेवणात लक्ष लागेना. दोनदा त्यांनी लच्छूला फोन लावला, तो उचलला गेला नाही. पंधरवड्यानं चंद्रपुरात नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा भरला. जावं की नाही, असं करता करता ते उशिरा पोचले. लच्छू पुढच्या रांगेत होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

मेळाव्यात एकेकानं उठून आपली आवडती मालिका आणि आपल्याकडे त्यातली किती नाणी आहेत ते सांगायचं होतं. कोणी भोकाचे पैसे सांगितले, कोणी निजामाचे चारमिनारवाले रुपये. मग लच्छू उठला. अकराचा रुपया त्याला मिळाल्याची बातमी सभागृहात सगळ्यांच्या कानी गेलेली होती. सगळे मान वर करून त्याच्याकडे पाहू लागले.

"पंचम जॉर्जचे रुपये," लच्छू म्हणाला. "वीस."

कोणीतरी अकराच्या रुपयाचं विचारलंच. तो नकली निघाला, एवढं बोलून लच्छू खाली बसला.

मेळावा सुटल्यावर तो फाटकाशी थांबलेला होता. दोघं बस स्टँडकडे चालू लागले.

"खोटा हाय म्हणला, त्याचा राग नाई आला मले," लच्छू म्हणाला. "आधी झकास काऊन म्हणला?"

नागभीडची बस लागली होती. लच्छू चढला आणि आपल्या बाजूची जागा हातानं धरून ठेवली. गुणवंतराव क्षणभर खालीच घुटमळले, मग तेही चढले. घरी न जाता नागभीडला का निघालो, हे रुखमाबाईंना कसं सांगायचं, ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.