यांचं हो म्हणणं

साथीचं वर्ष सरलं तशी लेक फोनवर म्हणाली, सुटलो एकदाचे. कसलं डोंबलाचं सुटलो! यांच्या चपला अजून दाराशी आहेत. रोज मी त्यांना अडखळते, रोज चरफडते, पण उचलून ठेवत नाही.

आमचे हे छापखान्यात मशीनवर होते आणि मी तिथेच बांधणीत, पानं जुळवायला. त्या धडधडाटात घसा फोडून उपयोग नसायचा, म्हणून तिथे सगळेच आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे. आमचं लग्नही तसंच ठरलं. मध्ये कागदांच्या चळती, या टोकाला मी, त्या टोकाला हे. पुढे मशीननं यांचे कान खाल्ले. ठार बहिरे झाले, पण आमचं काही अडलं नाही. कडाकडा भांडायचो तेही ओठांनीच. शेजारीण बिचारी म्हणायची, काय गुणी जोडपं, कधी आवाज म्हणून नाही.

एक खोड मात्र होती. समोरच्याचं कळलं नाही की हे लगेच हसून, हो म्हणून दोनदा मान हलवायचे. पुन्हा विचारायची लाज वाटायची ना! मला संशय आला की मी भराभर ओठ हलवून विचारायची, "छापखान्याच्या मालकाबरोबर पळून जाऊ का?" मान हलली की चोरी पकडली. कळलं असलं तर बोट उगारून म्हणायचे, "आधी चहा टाक, मग जा."

मग साथ आली, सगळ्यांनी तोंडं झाकली आणि यांच्यापुरतं जगच मुकं झालं. दुकानदारानं काही विचारलं की मान हलवायची आणि नको ते घेऊन यायचं. एकदा मेणबत्त्या आणायला गेले आणि पिशवीभर साबण घेऊन आले. मी आधी कावले, मग आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यानंतर बाहेर जाणंच सोडलं यांनी. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. म्हटलं, आता बोलायला मी एकटीच उरले की काय तुम्हाला? तर म्हणाले, पुरतेस तू.

थंडीत यांना ताप भरला, दम लागायला लागला. न्यायला गाडी आली, पण मला बरोबर घेईनात. त्या अंगभर झाकलेल्या माणसाला मी दारातून सांगत होते की यांना ऐकू येत नाही, न कळता हो म्हणतात, मान हलली तर खरी मानू नका. तो हो हो म्हणाला. घाईत होता.

हॉस्पिटलमध्ये रोज वेगळी नर्स. फोन केला की प्रत्येकीचं तेच, आजोबा फार गोड आहेत, कसलीही तक्रार नाही, बरं वाटतंय का विचारलं की हो म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, त्यांना तुमचं तोंड दिसत नाही! लिहून दाखवा म्हटलं तर यांच्या चष्म्यावर वाफ धरते म्हणाल्या. त्या पोरींचा तरी काय दोष, त्यांना पाणी प्यायला फुरसत नव्हती. पण यांना काय होतंय, कुठे दुखतंय, हे त्या अख्ख्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी एकीला दया आली. तिनं यांचा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि फोन समोर धरला. यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे यांचे ओठ मला दिसेनात. माझे मात्र उघडे होते. इतक्या दिवसांनी यांना माणसाचं तोंड दिसलं. डोळे असे खिळले माझ्यावर की काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं मी विसरले.

"घरी येणार ना?" मी आवाज न काढता विचारलं.

मान हलली. लगेच, दोनदा.

तीच ती खोड. रडले असते तर ओठ वेडेवाकडे झाले असते आणि यांना काही कळलं नसतं, म्हणून भराभर विचारलं, "मालकाबरोबर पळून जाऊ का?"

यांनी हात उचलला. सुया टोचून काळानिळा पडलेला. आणि बोट उगारलं.

म्हणजे सगळं कळत होतं! मी हसतेय की रडतेय ते त्या नर्सला समजेना. फोन ठेवला आणि मी यांची खाट खिडकीशी ओढली, चादर बदलली. लेकीला सांगितलं, बाबा येताहेत, स्वतः कबूल केलंय मला. तिनं विचारलं, तू जेवलीस का? डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं असावं.

मग हॉस्पिटलमधून फोन आला. तोंडही बघू दिलं नाही मला.

खाट अजून खिडकीशीच आहे. संध्याकाळी मी समोर बसते आणि यांच्याशी भांडते, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. शेजारीण म्हणते, आजी अगदी शांत झाल्या हो. शांत कसली मेली! एकच विचारत असते मी यांना. जन्मभर न कळता मान हलवलीत, मग त्या दिवशी कळत असून कशाला हो म्हणालात?