अस्वलाची वाट

रामाकोना गावच्या कुसुमनं बावीस वर्षं एकाच रानात बकऱ्या चारल्या. रानाला लागूनच राखीव जंगल, मध्ये फक्त एक कोरडा नाला.

एका उन्हाळ्यात नागपूरहून हिमानी आली, प्राण्यांचा अभ्यास करायला. तिच्याजवळ कॅमेरे होते, पण ते कुठं बांधावेत हे तिला उमजत नव्हतं. कुसुमनं तिला नाल्यातली अस्वलाची उतरण दाखवली. वाळलेली विष्ठा काडीनं फोडून आतल्या टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या फळाच्या, बिया दाखवल्या.

"बकऱ्या तं काही ठेवत नाहीत. तरी इथं टेंभरं उगवतेत. काहून? अस्वल तिकडं खाते अन् इकडं टाकते. रोही, कोल्हे, समदेच येऊन-जाऊन राहिले. त्याईच्याच पायानं दोन्ही रानं एक हायेत."

हिमानीनं सगळं लिहून घेतलं. दोन उन्हाळे दोघी सोबत फिरल्या, एका डब्यात जेवल्या. मग हिमानीचा अहवाल वनखात्याकडं गेला.

तिसऱ्या वर्षी वनखात्याचे एक साहेब तारेची जाळी घेऊन आले. प्राण्यांचं रान म्हणून चराई बंद झाली अन् रानाला चारही बाजूंनी तार ठोकायला सुरुवात झाली.

"साहेब, नाल्याकडून तरी मोकळं ठेवा," कुसुम म्हणाली. "अस्वल येईन कुठून?"

"नकाशात हद्द बंद आहे, बाई. आम्हाला बंदच करावी लागते."

बकऱ्या सौंसरच्या बाजारात विकल्या गेल्या. कुसुमनं हिमानीला फोन लावला.

"मावशी, मी चराई बंद करा असं कुठंच लिहिलं नाही. बकऱ्या असूनही प्राणी येतात, असं लिहिलं."

"मंग ते कोणी वाचलंच नाही म्हणा."

हिमानीनं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

वैशाखात अस्वल नाल्यातून आलं, वाट बंद होती म्हणून तारेला घासत घासत खाली उतरलं, ते थेट संत्र्याच्या बागेत. कुसुमचा नवरा गुलाब तिथं सकाळी झाडांना पाणी देत होता. तो वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. गावातले लोक दवाखान्यात भेटायला आले अन् जाताना कुसुमलाच बोलले, "त्या मॅडमले रान कोणी दाखवलं होतं?"

ती डबा धुवायला नळाकडं गेली.

आठ दिवसांनी तेच साहेब पंचनाम्याला घरी आले. खाटेवर पट्टी बांधलेला गुलाब पडून होता.

"अस्वल इकडं कोणत्या वाटेनं आलं असेल?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला रानातलं कळतं म्हणतात."

कुसुमला त्या वाटेवरचा दगडन् दगड ठाऊक होता.

"मले काही मालूम नाही," ती म्हणाली, अन् गुलाबला पाणी पाजायला उठली.