झाकणाखालची हवा

विमानाच्या रोटरी इंजिनाला हवा पुरवणारी नळी वहिनीने काल सरकवून नेमक्या लांबीला आणली होती. त्या लांबीला नळीतली हवेची लाट वेळेवर परतते आणि इंजिन जोर धरतं. आज मात्र ते ढेपाळलं. तपासनीस दुपारी येणार होता. जोर कमी भरला तर उड्डाणाला परवानगी नव्हती.

“कालपर्यंत वाघ होता, आज मांजर!” वैमानिक नणंद म्हणाली. “काय बदललं गं, वहिनी?”

“काल इंजिनावरचं झाकण काढलेलं होतं.” वहिनीने झाकणाखाली हात घातला नि चटकन मागे घेतला. “हवा तापलीय. तापल्या हवेत लाट लवकर परतते. नळी आखूड पडतेय.”

तिने झाकण काढून नळी दोन बोटं लांबवली, झाकण पुन्हा लावलं. इंजिन गरजलं.

“आता कुणी झाकण काढायला सांगितलं तर?” नणंदेने विचारलं.

“मग नळी लांब पडेल. त्यालाच बसव मांजरावर!”